आधी स्टॉप, मग पिन

मागच्या वेळी व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्यामागे टेबलावर तुम्हाला एक जाडजूड, पिवळट पडलेला डबा दिसला आणि तुम्ही विचारलंत, "आजी, टाइपरायटर घेतलास?" आजोबांनी मध्येच तोंड घातलं, "टाइपरायटर नाही, तुमच्या आजीचा पेशंट आहे तो. खाटेवरून उठत नाही, पण मरतही नाही." तुम्ही हसलात आणि विषय तिथेच राहिला. फोनवर तो नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहिते.

तो कॉम्प्युटर आहे. तुमचे बाबा प्राथमिक शाळेत होते त्या काळात जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत असे दोन कॉम्प्युटर आले. तुमच्या हातातल्या फोनची आणि त्याची तुलना करू नका, काही हाती लागणार नाही. पडदा वेगळा नव्हता, टीव्ही जोडायचा. कीबोर्डच्या पेटीतच सगळं यंत्र. त्याला आठ बिटांचा म्हणतात, म्हणजे एका घासात तो आठच बिटं उचलतो. तुमचा चौसष्ट उचलतो. मुख्य अडचण अशी की वीज गेली की तो सगळं विसरायचा, आणि आमच्याकडे वीज जायचीच. म्हणून लिहिलेला प्रोग्राम साठवायला एक साधा टेपरेकॉर्डर त्याला जोडलेला असे. गाण्यांची असते तीच कॅसेट. प्रोग्राम तिच्यावर आवाजाच्या रूपात उतरायचा. आधी एक लांब शिट्टी, मग पत्र्यावर खडी ओतल्यासारखी खरखर.

यंत्रं माझ्याकडे आली ती मी इंग्रजी शिकवत होते म्हणून. सोबतची पुस्तकं इंग्रजीत होती आणि हेडमास्तरांना वाटलं, जिला पुस्तक वाचता येतं तिलाच यंत्र येणार. गणिताचे सर बरेच दिवस नाराज होते. "बाई, यंत्राला कविता पाठ करायला लावणार का?" असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकं संपवली आणि जूनमध्ये नववीचा वर्ग घेतला.

एका कॅसेटवर बऱ्याच मुलांचे प्रोग्राम असत. टेपवर कुणाचा कुठे सुरू होतो हे कळायला मार्ग नव्हता, सगळ्यांची खरखर सारखीच. म्हणून मी एक रीत लावून दिली. कॉम्प्युटरची वायर ज्या पिनने रेकॉर्डरला जोडलेली असते ती पिन आधी काढायची. पिन काढली की रेकॉर्डरचा स्वतःचा माईक चालू होतो. मग रेकॉर्डचं बटण दाबून माईकपुढे वर्ग, हजेरी क्रमांक आणि प्रोग्रामचं नाव स्पष्ट बोलायचं. मग पिन लावायची आणि प्रोग्राम टेपवर सोडायचा. खरखर संपली की आधी स्टॉप दाबायचा, मग पिन काढायची. हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं आणि ते कुणी पुसलेलं मला चालत नसे. बोलायचं ते इंग्रजीत. तेवढंच चार वाक्यांचं इंग्रजी त्यांच्या तोंडी बसेल, हा माझा हिशेब.

दोघांत एक यंत्र मिळायचं. त्यातली एक जोडी सांगते. एक मुलगा इथल्याच मेडिकल दुकानदाराचा. दुसरा वरवट बकालहून रोज एसटीने येणारा, त्याचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. वरवटचा मुलगा हुशार आणि भयंकर घाईचा. बोटं वेगात चालायची आणि जीभ त्याहून वेगात. त्याने एक प्रोग्राम केला होता. पडद्यावर अक्षरांनी बनवलेली एसटी जळगावहून निघते. प्रत्येक थांब्यावर गणित विचारते. उत्तर चुकलं तर एसटी जागची हलत नाही आणि कंडक्टर लिहून सांगतो, "उतरा खाली." शेवटचा थांबा वरवट बकाल. वर्गात सगळ्यांना तेच खेळायचं असे.

हा मुलगा पुढे डिप्लोमाला गेला आणि तिथेच काविळीने गेला. वय विशीच्या आतबाहेर. आमच्यापर्यंत बातमी आली तोवर सगळं उरकलं होतं.

शाळेने काही वर्षांनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि हे दोन्ही मोडीत काढले. मी रीतसर अर्ज करून ते घरी आणले. कॅसेट माझ्या लोखंडी ट्रंकेत, डांबरगोळ्यांसोबत. निवृत्त होईपर्यंत त्यांना हातही लावला नाही. मग एक दिवस मेडिकलवाला मुलगा, आता स्वतः दुकान चालवणारा आणि केस पांढरे झालेला, गोळ्या द्यायला घरी आला. त्याला कोपऱ्यातला डबा दिसला.

"मॅडम, हे जित्तं हाय अजून?"

"माहीत नाही. वीज लावलेली नाही."

"लावू नका," तो घाईने म्हणाला. "आधी उघडून पाहू."

बरं झालं त्याने अडवलं. आतला एक कपॅसिटर फुटायच्या बेतात होता. आम्ही दुसऱ्या यंत्राला तसंच वीज देऊन पाहिलं तेव्हा खोलीत इतका धूर आणि कुजक्या मासळीचा इतका वास भरला की आजोबा ओसरीवर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

तेव्हापासून आमचा हा उद्योग चालू आहे. असा उद्योग करणारे लोक जगभर आहेत, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात आहेत. आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात वयाने मी सर्वांत मोठी आणि बाई म्हणून एकटीच. कुणी जुन्या चिपा जपून ठेवतो, कुणी कीबोर्डची बटणं नव्याने घडवतो. ते सगळे मला 'काकू' म्हणतात आणि माझी इंग्रजी पुस्तकं मागतात, कारण मूळ पुस्तकं जपलेली फार थोड्यांकडे आहेत. मी पानांचे फोटो काढून पाठवते.

यंत्र जिवंत ठेवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सुटलेल्या जोडांना सोल्डरचा डाग द्यायचा, सुटे भाग बदलायचे, मूळ यंत्रच चालवायचं. दुसरा एम्युलेटर. आपल्या दारी बहुरूपी यायचा, आठवतं का? तुम्ही लहानपणी आला होतात तेव्हा पोलीस होऊन आला होता आणि धाकटी पलंगाखाली लपली होती. एम्युलेटर तसा. आजचा लॅपटॉप जुन्या यंत्राचं सोंग घेतो, आणि इतकं हुबेहूब घेतो की प्रोग्रामला फरक कळत नाही. फक्त त्याला प्रोग्राम कॅसेटवरून काढून फाइल करून द्यावा लागतो. मेडिकलवाल्याने हे काम अंगावर घेतलं. कॅसेट नेल्या, सगळ्यांची खरखर लॅपटॉपवर घेतली, तिचे प्रोग्राम केले, एकेक चालवून पाहिला आणि कॅसेट मला परत आणून दिल्या. काम चोख होतं.

आता मूळ गोष्ट.

वरवटच्या त्या मुलाची आई अजून आहे. माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठीच असेल. धाकट्या मुलाकडे राहते, महिन्यातून एकदा एसटीने जळगावला येते, बीपीच्या गोळ्या त्याच दुकानातून नेते. गेल्या हिवाळ्यात दुकानात गर्दी नव्हती, म्हणून मेडिकलवाल्याने तिला काउंटरच्या आत बोलावलं आणि लॅपटॉपवर तिच्या मुलाची एसटी चालवून दाखवली.

तिने पाहिलं. म्हणाली, "येष्टी बारकीच हाय." मग थोड्या वेळाने विचारलं, "याच्यात तो बोलते का?"

कारण मुलाने तिला तेव्हा घरी जाऊन सांगितलं होतं की आम्ही टेपात बोलतो. तिच्या घरात त्याचा एक फोटो आहे, बुद्धमूर्तीच्या बाजूला. आवाज कुठेच नाही. तेव्हा कुणाकडे असायचा? आणि ती म्हणाली, "बाबू, फोटो पाहू पाहू त्याचा आवाज मी इसरून गेली. चेहरा ध्यानात हाय, आवाज नाही राह्यला. ते मले खाते."

मेडिकलवाला दुपारी दुकान नोकरावर सोडून माझ्याकडे आला. तोंड उतरलेलं.

"मॅडम, मी कापून टाकलं."

"काय कापलं?"

"बोलणं. एम्युलेटरले बोलणं लागत नाही ना. फाइल जड होते, अन् प्रोग्राम वाचताना मधात अडथळा येते. मी सगळ्यायचं पुढचं-मागचं छाटलं अन् फक्त खरखर ठेवली. मूळ रेकॉर्डिंग बी डिलीट केलं, लॅपटॉप भरला होता."

असं आमच्याच लोकांकडून होऊ शकतं. प्रोग्रामचं एक अक्षर गळू नये म्हणून रात्रंदिवस जीव टाकायचा आणि माणसाचा आवाज कचरा म्हणून काढायचा. पण त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. कॅसेट होत्या. मी ट्रंक उघडली.

ती कॅसेट सापडली, पण गेल्या पावसाळ्यात ट्रंकेच्या त्या बाजूला ओल गेली होती. कॅसेटच्या काचेतून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी. अशी टेप चालवली की चिकटते, ताणली जाते, तुटते. एकदा धड चालेल, दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. रेकॉर्डरही बंद होता. आतला रबरी पट्टा वितळून काळा डिंक झालेला. ग्रुपवर विचारल्यावर कोल्हापूरच्या एकाने नवा पट्टा कुरिअरने पाठवला. तो येईपर्यंत वरवटच्या त्या आईचा दोनदा फोन येऊन गेला. ती फक्त एवढंच विचारायची, "झालं का?" आणि आम्ही नाही म्हटलं की, "बरं, सावकाश करा," म्हणून ठेवून द्यायची.

मेडिकलवाल्याने टेप जुन्या कवचातून काढून नव्या कवचात घातली, स्पिरिटच्या बोळ्याने कडा पुसल्या, पेन्सिल घालून हाताने हळूहळू मागे गुंडाळली. मग तिला निरोप दिला. वीज दुपारी टिकते, म्हणून दुपारचीच वेळ ठरवली.

ती धाकट्या मुलाबरोबर आली. स्वच्छ पांढरं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी शेतातली तुरीची डाळ.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम. या ताई, बसा. चहा घेता ना?"

"मंग. आधी ते ऐकू द्या."

आजोबांनी पंखा बंद केला, खिडकी लावली. मेडिकलवाल्याने रेकॉर्डर एकीकडे लॅपटॉपला जोडून ठेवला, या वेळी पहिल्या आवाजापासून शेवटपर्यंत सगळं उतरवून घ्यायला. मग बटण दाबलं.

आधी नुसती सळसळ. मग एक मुलगा, ताठ उभा राहून बोलावं तसा, इंग्रजीत: नाइन बी, रोल नंबर, प्रोग्रामचं नाव, एसटी बस. प्रत्येक शब्द सुटा. शेवटी "सबमिटेड बाय मी." मग शिट्टी आणि खरखर.

मला तो लगेच ओळखू आला. मेडिकलवाल्याने तर डोळ्यांना रुमाल लावला. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत होतो.

ती म्हणाली, "हा माहा नाही."

"काकू, तोच हाय," मेडिकलवाला म्हणाला. "मी बाजूले होतो."

"असन. पण असा तो बोलतच नव्हता. हे तं मॅडम बोलून राह्यल्या त्याच्या तोंडातून." मग माझ्याकडे वळून, "राग नोका मानू, मॅडम."

"नाही मानत," मी म्हटलं. खरंच राग येण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणत होती ते बरोबर होतं. तो आवाज मी शिकवलेला होता.

धाकटा मुलगा म्हणाला, "आई, आता तोच म्हणून आयकून घे ना. इतल्या दुरून आलो."

"काऊन? दुसऱ्याच्या पोराले माहा म्हनू का?"

तेवढ्यात खरखरीचा सूर घसरला, रेकॉर्डर कण्हल्यासारखा झाला आणि थांबला. टेप अडकली होती. मेडिकलवाल्याने झाकण उघडलं तर टेपचा वेटोळा चाकाभोवती गुंडाळून चुरगळलेला.

"बस झालं," आई म्हणाली आणि पिशवी उचलली. "तुमी लय केलं माह्यासाठी. मशीन बी थकली."

मी तिला बसवून ठेवलं ते एका गोष्टीमुळे. त्या गुंत्याकडे पाहताना मला तो मुलगा आठवला. घाईचा, तसाच्या तसा. खरखर संपली रे संपली की त्याचा हात आधी पिनेवर जायचा आणि मी वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायची, आधी स्टॉप, मग पिन. वर्षभर ओरडले. त्याने एकदाही बरोबर केलं नाही. आणि स्टॉपच्या आधी पिन निघाली तर रेकॉर्डरचा माईक चालू होतो, टेप तर फिरतेच आहे.

मी मेडिकलवाल्याला म्हटलं, "खरखर संपल्यानंतरचं तू कधी ऐकलं होतंस?"

"नाही, मॅडम. प्रोग्राम संपला की कॉम्प्युटर ऐकणं सोडते. मी बी तिथूनच छाटलं."

"मग पुढे जायचं."

"पण हे चुरगळलेलं कापावं लागीन. मधातून कापलं तं टेपवरचा प्रोग्राम गेला. मूळ प्रत हाय ही, मॅडम. एकच."

त्याच्या हातात कात्री होती आणि ती चालत नव्हती. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आमच्यात मूळ टेप कापणं म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. त्यातून ही त्याच्या मित्राची.

"प्रोग्राम तुझ्या लॅपटॉपवर आहे," मी म्हटलं. "तो तू नीट जपलास. आता टेपवर जे लॅपटॉपवर नाही तेवढं जप."

त्याने कापलं. चुरगळलेला तुकडा काढून दोन्ही टोकं पारदर्शक चिकटपट्टीने जोडली, नखाने घासून बसवली. आजोबा त्याच्या खांद्यावरून बॅटरीचा उजेड धरून उभे होते. "श्वास सोड रे," ते म्हणाले, "नाहीतर तुलाच जोडावं लागेल."

पुन्हा बटण. उरलेली खरखर, जोडावर एक ठेच, परत खरखर. मग ती संपली. एक 'टक्' असा आवाज आला, पिन निघाल्याचा. आणि खोलीत आमचा वर्ग आला. बाकं सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, आणि अगदी जवळून, धापा टाकल्यासारखा एकजण:

"झालं बे! काहाडली पिन. चाल, येष्टी सुटन माही."

दुसरा, बारीक आवाजाचा: "अबे, स्टॉप दाब ना आधी! बाई पाहून राह्यल्या!"

"पाहू दे. घरी तं नाही नेत मले."

दोघांचं हसू, दाबून धरलेलं, नाकातून सुटणारं. लांबून एक बाई ओरडते, ती मी. आणि खट्. स्टॉप.

पुढच्या मुलाचा ताठ आवाज सुरू झाला, "नाइन बी," तसा मेडिकलवाल्याने रेकॉर्डर बंद केला. मघाचा तो बारीक आवाज त्याचाच, मेडिकलवाल्याचा होता. त्याने छाटलेल्या तुकड्यात त्याचंही बोलणं गेलं होतं आणि त्याला ते आठवतही नव्हतं.

"हा," आई म्हणाली. "हा हाय माहा. पाह्यलं का, दमच नाही त्याले." मग मेडिकलवाल्याकडे पाहून, "अन् तो चिमणीवानी चिवचिवनारा तू का रे?"

"हाव, काकू."

"तवाच भेकड होता."

आजोबा मोठ्याने हसले, मग तीही हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून बरंच रडली. धाकटा मुलगा उभा राहून खिडकी उघडायला गेला आणि तिकडेच तोंड करून थांबला. मी चहा ठेवला.

चहा झाल्यावर तिने अजून एकदा मागितलं. टेप पुन्हा चालवायची गरज नव्हती, लॅपटॉपवर सगळं आलं होतं. तिने ते डोळे मिटून ऐकलं. मेडिकलवाला म्हणाला, मागची सळसळ साफ करून देतो, आवाज मोकळा होईल.

"काही साफ नोको करू," ती म्हणाली. "तुह्या साफ करण्यानंच गेलं होतं ते."

धाकट्याच्या फोनवर पाठवताना मेडिकलवाल्याने सगळंच पाठवायला घेतलं, इंग्रजीपासून. तिने अडवलं. तिला फक्त पिन निघाल्यापासूनचं हवं होतं. "ते पह्यलं मॅडमचं हाय, ते मॅडमपाशी राहू द्या."

ते माझ्यापाशी आहे. डाळीचा डबा भरला, बाकीच्या कॅसेट ट्रंकेतून काढून वर कोरड्या फळीवर ठेवल्या. आता मेडिकलवाला दर गुरुवारी दुकान बंद असतं तेव्हा येतो आणि आम्ही एकेक कॅसेट पहिल्या सळसळीपासून शेवटच्या खट्पर्यंत उतरवून घेतो. खरखर संपली की दोघंही कान देऊन बसतो. माझी बहुतेक मुलं शिस्तीची होती, स्टॉप वेळेवर दाबायची. त्यांच्या टेपवर तिथे काहीच नाही.